आधी कणा, मग पान

धातूवर हाताने वेलबुट्टी कोरायला शिकतो आहे असे सांगितले की ऐकणारा पहिल्यांदा हत्यारांची चौकशी करतो. कोरणी कोणत्या पोलादाची, ती कुठे मिळते, हातोडीने ठोकायची की तळहाताने रेटायची, हवेच्या दाबावर चालणारे यंत्र घ्यावे की नाही, हे प्रश्न ओघाने येतात आणि ते गैरलागू आहेत असेही नाही. परंतु या विद्येशी चाललेल्या झटापटीतून माझे मत असे बनले आहे की, कोरीवकामातला खरा अवघड भाग धातूला हात लागण्यापूर्वी, कागदावरच, साधलेला असतो किंवा फसलेला असतो. हात स्थिर होणे ही सरावाची बाब आहे. कागदावर लंगडणारी वेल मात्र कितीही स्वच्छ कोरली तरी पितळेवर लंगडतच उमटते, आणि तिथे खोडरबर चालत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः पेन्सिलीविषयी आहे. कोरणी त्यात येईल, पण उशिरा येईल.

आमचे चिपळूणच्या बाजारपेठेत भांड्यांचे दुकान आहे. लग्नसराईत आहेराची आणि रुखवताची भांडी नेणारे गिऱ्हाईक भाव ठरला की लगेच ‘नावे घालून मिळतील ना?’ असे विचारते आणि ‘चि. सौ. कां.’पासून ‘यांजकडून सप्रेम भेट’पर्यंतचा सगळा मजकूर चिठ्ठीवर लिहून देते. आता हे काम विजेच्या पेनाने होते. पेन थरथरत पुढे जाते आणि मागे बारीक ठिपक्यांची ओळ राहते, एवढेच. पूर्वी आमच्याकडे नावे घालणारे जे काका होते (आता त्यांचे वय झाले आहे, अधूनमधून चहाला येतात) ते अरुंद तोंडाच्या छिन्नीने आणि लहानशा हातोडीने अक्षर कोरत, आणि तांब्याच्या गळ्याशी, नावाच्या दोन्ही अंगांना, कोणी मागितली नसली तरी एकेक चिमुकली वेल सोडून देत. त्या वेलीचे पैसे त्यांनी कधी लावले नाहीत. मला या कामाचा नाद लागला तो त्या फुकटच्या वेलींमुळे.

त्याच काकांना मी माझे एक रेखाटन दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सारला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि अंगठ्याने एकेक पान झाकत झाकत वेलीच्या शेवटापर्यंत गेले. मग म्हणाले, “पानं छान आहेत रे. पण ही धरून कुठे आहेत?” वेलबुट्टीविषयी जे जे शिकण्यासारखे आहे ते बहुतेक सगळे या एका प्रश्नात आहे असे मला वाटते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाने भरतात, त्यामुळे शिकणाराही पानांपासून सुरुवात करतो. पण पाने ज्या रेषेवर बसलेली असतात ती रेषा, म्हणजे वेलीचा कणा, सगळी पाने पुसून टाकल्यावरही पाहण्यासारखा उरला पाहिजे. तो उरत नसेल तर पाने वाढवून उपयोग नाही.

हा कणा म्हणजे मुळात सर्पिल. सर्पिलाच्या दोन जाती इथे महत्त्वाच्या आहेत. पहिल्या जातीत लागोपाठच्या वळशांमधले अंतर सगळीकडे सारखेच राहते. आर्किमिडीजच्या नावाने ओळखला जाणारा हा सर्पिल म्हणजे थेट आपली चकली. दुसऱ्या जातीत वळसा जसजसा आत जातो तसतसे अंतर ठरावीक प्रमाणात आटत जाते. हा लॉगरिदमिक सर्पिल, आणि समुद्रावर सापडणाऱ्या शंखाचे टोक आपल्याकडे करून पाहिले तर तोच दिसतो. वेलबुट्टीला दुसरी जात लागते. सारख्या अंतराचा वळसा जागच्या जागी फिरत राहतो. आटत जाणारा वळसा मात्र कुठून तरी आला आहे आणि कुठे तरी वळतो आहे असे वाटते, म्हणजेच तो वाढतो आहे असे वाटते. गंमत अशी की, हाताला मोकळे सोडले तर तो पहिली जात काढतो. आधीच्या रेषेकडे बघत, तिच्यापासून तेवढेच अंतर राखत पेन्सिल फिरवणे सोपे असते. दर क्षणी अंतर किंचित कमी करत जाणे सोपे नसते.

ही खोड फक्त शिकाऊ हाताची नाही. याकोब बर्नोली या गणितज्ञाला लॉगरिदमिक सर्पिलाचे इतके वेड होते की आपल्या समाधीवर तो कोरला जावा अशी त्याची इच्छा होती. १७०५ मध्ये तो वारला. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या मुख्य चर्चमध्ये त्याची स्मृतिशिला आहे आणि तिच्यावर सर्पिलही आहे, पण कोरणाऱ्या पाथरवटाने काढला तो सारख्या अंतराचा. गणिताची माणसे हा किस्सा पाथरवटाला हसण्यासाठी सांगतात. मला त्या पाथरवटाविषयी आपुलकीच वाटते, कारण त्याच्या छिन्नीला नेमके काय झाले असेल हे पेन्सिल हातात घेतलेल्या कोणालाही कळते.

यावर तोडगा आहे आणि तो सोपा आहे. ज्या बिंदूभोवती वळसा फिरणार तिथून जाणारी एक आडवी रेघ आखावी, आणि कणा त्या रेघेला दर अर्ध्या वळशाला कुठे छेदणार ते आधी ठिपक्यांनी ठरवून घ्यावे. प्रत्येक ठिपका मध्यापासून आधीच्या ठिपक्याच्या दोन-तृतीयांश अंतरावर घेतला तर एका बाजूला १८ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला १२, मग पुन्हा पहिल्या बाजूला ८, मग पाचाहून थोडे जास्त, मग साडेतीनच्या आसपास, असा हिशेब होतो. एवढ्या पाच ठिपक्यांत पूर्ण दोन वळसे बसतात, आणि सजावटीच्या वेलीला दोनापेक्षा जास्त वळशांची गरज क्वचितच पडते. प्रमाण दोन-तृतीयांशच हवे असे काही नाही. ते तीन-चतुर्थांश घेतले तर वेल दाट आणि घट्ट होते, निम्मे घेतले तर एकदम मोकळी सुटते. एका चौकटीतल्या सगळ्या वेलींना मात्र एकच प्रमाण असावे. काही दिवस ठिपके घालून काढले की डोळा ते प्रमाण आपसूक धरतो आणि ठिपक्यांची गरज संपते. ती संपली पाहिजे हेही खरे, कारण गणितातून जसाच्या तसा उतरवलेला सर्पिल कागदावर निर्जीव दिसतो. चांगल्या कारागिराचा वळसा या हिशेबाच्या जवळ असतो, पण कुठे कणभर फुगतो, कुठे कणभर दबतो.

रेषा काढताना मनगट टेकवून बोटांनी पेन्सिल फिरवली तर थोड्या थोड्या अंतरावर रेषा सपाट होते, कारण बोटांची पोच तेवढीच असते. वळसा मोठा असेल तर कोपरापासून हात हलवावा, आणि लहान असेल तर कागदच फिरवावा. उजव्या आणि डाव्या, दोन्ही दिशांचे वळसे सारख्याच सफाईने यायला हवेत. प्रत्येकाला एक दिशा सोपी जाते आणि दुसरी अडते, आणि जी अडते तिचाच सराव टाळण्याकडे कल असतो, हे वेगळे सांगायला नको. काढलेली रेषा तपासायची असेल तर कागद उलटा धरावा किंवा आरशात पाहावा. सरळ पाहताना सवयीने सुटून जाणारी सपाट जागा उलट्या कागदावर लगेच टोचते. अंड्यासारखा झालेला वळसाही तसाच सापडतो.

एकाच वळशाने चौकट भरत नाही. वळशातून वळसा फुटावा लागतो, आणि शिकाऊ आणि सरावलेला हात यांच्यातला फरक सर्वांत आधी या सांध्यावर दिसतो. नवी फांदी मूळ देठाला काटकोनात चिकटवून चालत नाही. ती निघण्यापूर्वी काही अंतर देठाच्या अंगानेच चाललेली असावी आणि मग हळूच बाहेर पडावी, इतकी की फांदीवरून उलट मागे येणारी नजर न अडखळता देठावर उतरली पाहिजे. फांदीचा वळसा मूळ वळशाच्या विरुद्ध दिशेने फिरतो: देठ उजवीकडे वळत असेल तर फांदी डावीकडे. दोन्ही मिळून एक सलग दुहेरी बाक तयार होतो, आणि वेलीला जी लय म्हणतात ती या बाकांच्या साखळीत असते. सांध्याची जागा उघडी ठेवायची नसते. तिथे देठाला कवटाळणारे एक लहान पान घालतात. ते शोभेसाठी तर असतेच, पण फांदी नेमकी कुठे सुटली हा प्रश्नही ते झाकून टाकते. जुन्या कामांत ही पाने इतक्या नियमाने येतात की त्यांचा उपयोग कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता हे उघड आहे.

चौकट भरण्यासाठी मी आधी वर्तुळे काढतो. काढायची ती रेषा सोडून भलतेच काही करतो आहोत असे सुरुवातीला वाटते, पण एका लांबट पट्टीत लहानमोठी वर्तुळे एकमेकांना आणि कडांना टेकवून बसवली की वेलीचा निम्मा आराखडा तयार होतो. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एका वळशाची जागा. वर्तुळावरून शेजारच्या वर्तुळावर जाताना दिशा बदलायची. तीन वर्तुळांच्या मध्ये जो तिकोनी कोपरा उरतो तो पानांसाठी राखून ठेवायचा. वर्तुळे एकाच मापाची घेतली तर पट्टी शिस्तीची पण कंटाळवाणी होते. फार वेगवेगळ्या मापांची घेतली तर मोठा वळसा सगळे लक्ष खाऊन टाकतो. इंग्लंडमधल्या बंदुका बनवणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात जी बारीक वेल रूढ केली तिच्यात लहान, बंद, जवळजवळ गोल वळसे एकमेकांना खेटून बसवलेले असतात आणि मध्येमध्ये गुलाबाचा गुच्छ येतो. अमेरिकन पद्धतीत वळसा मोठा आणि मोकळा असतो, आणि पाने ठसठशीत असतात. शिकायला मोठी वेल घ्यावी असे माझे मत आहे, कारण बारीक वेलीत चूक लपते आणि लपलेली चूक सुधारत नाही.

पानाची गोष्ट या किनाऱ्यावर राहणाऱ्यासाठी विशेष आहे. युरोपातल्या वेलबुट्टीचे पान म्हणजे अकँथस, भूमध्य समुद्राकाठी वाढणारे, खोल कातरलेल्या पानांचे एक झुडूप. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने त्याची एक कथा लिहून ठेवली आहे. कॉरिंथ नगरातल्या एका मुलीच्या थडग्यावर तिच्या दाईने तिच्या आवडत्या वस्तूंची टोपली ठेवली आणि वर एक कौल झाकले. खाली अकँथसचे मूळ होते, त्याची पाने टोपलीभोवती वाढली आणि कौलाच्या कोपऱ्यांना अडून बाहेर वळली. कॅलिमाकस या शिल्पकाराने ते पाहिले आणि तसा स्तंभशीर्ष घडवला. कथा सुरेख आहे, पण १८९३ मध्ये आलॉइस रीगल या ऑस्ट्रियन कला-इतिहासकाराने ती जवळजवळ निकालात काढली. त्याचे म्हणणे असे की, अकँथसचे अलंकरण झुडपाकडे पाहून जन्मलेले नाही. आधीपासून चालत आलेल्या, ताडाच्या पानाच्या पंख्यासारख्या आकाराला आणि त्याच्या सर्पिलांना हळूहळू उठाव आणि कातर येत गेली, आणि मग ते पान या झुडपासारखे दिसू लागले. शिकणाऱ्याच्या दृष्टीने रीगलचे म्हणणे फार मोलाचे आहे. वेलीचा सांगाडा आधीपासून होता, पानाचा पेहराव त्याच्यावर नंतर चढला. आपणही त्याच क्रमाने जावे हे बरे.

आता या अकँथसचा एक सख्खा भाऊ आपल्या खाड्यांमध्ये उभा आहे हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. खारफुटीच्या कडेला, चिखलात गुडघ्याएवढी किंवा त्याहून उंच वाढणारी, निळसर जांभळ्या फुलांची मारांडी ही त्याच वंशातली. वनस्पतिशास्त्रातले तिचे नाव अकँथस इलिसिफोलियस असे आहे. दाभोळच्या खाडीकाठी भरतीच्या रेषेलगत तिचे गचपण आढळते. पान जाड, चकचकीत, आणि कडेला काट्यांचे. दोन काट्यांमधली कड आत ओढल्यासारखी बाकदार. कोरड्या दिवसांत पानावर हात फिरवला तर मिठाचे कण बोटाला लागतात, कारण जास्तीचे मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. काटे सांभाळत एक फांदी घरी आणून मी ती समोर ठेवून काढली. भूमध्य समुद्राकाठच्या पानाची खोल कातर हिच्यात नाही, त्यामुळे जुन्या नमुन्यांची नक्कल तिच्यावरून होत नाही. पण एक गोष्ट ती उत्तम शिकवते: काटे सारख्या अंतरावर नसतात. देठाजवळचे दोन काटे लांब अंतरावर असतात, शेंड्याकडे ते जवळ येत जातात, आणि प्रत्येक काट्याकडे जाणारी शीर मधल्या शिरेतून काटकोनात न निघता तिरकी, शेंड्याच्या दिशेने झुकून निघते. वळशाच्या अंतरांना जो नियम, तोच पानाच्या कंगोऱ्यांना.

म्हणून वेलीवर पान बसवताना मी आता त्याची मधली शीर आधी काढतो. ती शीर स्वतःच एक लहान, अर्धवट सर्पिल असते आणि कण्यातून फांदीसारखीच अंगाने निघते. त्यानंतर कंगोऱ्यांची टोके ठिपक्यांनी ठरवायची, देठाकडे विरळ आणि शेंड्याकडे दाट, आणि शेवटी बाहेरची कड काढायची. पानाची बाह्यरेषा आधी काढून मग आत शिरा भरणे हा उलटा रस्ता आहे आणि त्याने पान कागदावर चिकटवल्यासारखे दिसते. कंगोऱ्यांच्या खाचाही वाटेल तशा नसतात. प्रत्येक खाचेच्या तळापासून एक रेषा मनातल्या मनात मागे नेली तर ती पानाच्या मुळाकडे, कण्याला मिळत गेली पाहिजे. छटा देताना ज्या बारीक रेघा कोरतात त्या याच मनातल्या रेषांवर चालतात. त्यामुळे बाह्यरेषा चुकलेली असेल तर छटेच्या रेघांना जायला जागाच राहत नाही, आणि मग कारागीर त्या आडव्या मारून वेळ मारून नेतो. बाजारातल्या घाईच्या कामात हे सर्रास दिसते.

आपल्याकडची वेल कोणाकडून उसनी आणण्याची गरज नाही, हे इथे नमूद करायला हवे. जुन्या मंदिरांच्या दारांना जे कोरीव पट्टे असतात, त्या द्वारशाखांमधल्या एकीला पत्रशाखा असेच नाव आहे, आणि तिच्यात पानांची वेल उंबऱ्यापासून वर चढत जाते. कसबा संगमेश्वरच्या कर्णेश्वरासारख्या कोरीव दगडी मंदिरात गेलो की बरोबरची मंडळी मूर्तींपाशी थांबतात आणि मी हल्ली पट्ट्यांपाशी रेंगाळतो, त्यावरून घरात थोडी चेष्टाही होते. दुकानात येणाऱ्या मुरादाबादी पितळी फुलदाण्यांवर इराणी वळणाची वेल असते, खोदलेल्या जागेत काळी किंवा रंगीत लाख भरलेली. बिदरच्या कामाची पद्धत तर रेखाटन शिकणाऱ्याने मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूचे भांडे घासून गुळगुळीत झाले की त्याच्यावर मोरचुदाचे पाणी फिरवून ते तात्पुरते काळे करतात, आणि त्या काळ्या अंगावर कारागीर टोकदार सळईने थेट नक्षी ओरखडतो. कागद नाही, छाप नाही. त्या ओरखड्यांवरून मग खोदकाम होते आणि खाचेत चांदी ठोकून बसवतात. हाताला कणा इतका पाठ असावा की भांड्याच्या गोल अंगावर तो विनाआधार उतरावा, ही पातळी माझ्यापासून बरीच दूर आहे. पण पोहोचायचे तिकडेच.

वेलीइतकीच महत्त्वाची असते तिच्या मागची मोकळी जागा, जिला नक्षीकामात जमीन म्हणतात. रेखाटन पूर्ण झाल्यावर ही जमीन मऊ पेन्सिलीने गडद काळी करून कागद भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पाहावा. काळे तुकडे साधारण सारख्या वजनाचे, सगळीकडे विखुरलेले दिसले तर काम ठीक आहे. एखाद्या ठिकाणी काळ्याचा मोठा डाग दिसला तर तिथे पान किंवा लहान वळसा हवा आहे. एखाद्या ठिकाणी काळे दिसतच नसेल तर तिथे गर्दी झाली आहे आणि काहीतरी काढून टाकायला हवे. काढून टाकणे जिवावर येते, विशेषतः जे पान सुंदर साधले आहे तेच नेमके अडचणीच्या जागी असते तेव्हा. प्रत्यक्ष धातूवर ही जमीन खोल खोदून बारीक ठशाने टिंबटिंब करतात किंवा काळी करतात, त्यामुळे कागदावरचा काळा तुकडा हा उद्याच्या श्रमाचा हिशेबही असतो. तीळभर जागेत ठसा चालवावा लागेल अशी जमीन कागदावरच मिटवून टाकलेली बरी.

रेखाटन धातूवर उतरवण्याची सोपी पद्धत म्हणजे पत्र्यावर पांढऱ्या पोस्टर रंगाचा अगदी पातळ हात बोटाने थोपटून लावायचा, वाळला की त्याच्यावर पेन्सिलीने काढायचे आणि मग टोकदार सुईने हलके ओरखडायचे. कोकणातल्या पावसाळ्यात या साध्या कृतीची परीक्षा होते. जून ते सप्टेंबर रंग वाळता वाळत नाही, वाळला असे वाटून पेन्सिल टेकवावी तर टोकाबरोबर पापुद्रा निघून येतो, आणि ट्रेसिंग कागदाला दमटपणाने लाटा येतात, त्यामुळे मोजून आखलेली पट्टी पत्र्यावर ठेवताना एका टोकाला पुढे सरकलेली असते. शिवाय घामेजल्या बोटांचे ठसे पितळेवर दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग होऊन हजर. यावर मी दोन गोष्टी करतो: पत्रा आधी चिंचेने आणि मग राखेने स्वच्छ करून विजेच्या दिव्याखाली कोमट करून घेतो, आणि मूळ रेखाटन ट्रेसिंग कागदाऐवजी पारदर्शक प्लास्टिकवर ठेवतो, कारण ते पावसात ताणत नाही.

हत्याराची मर्यादा रेखाटनाला माहीत असावी लागते, एवढ्यापुरती कोरणी इथे येते. कोरणीचे टोक इंग्रजी व्ही अक्षरासारखे असते. त्या टोकाचा कोन ९० अंशांचा असेल तर खाच जेवढी खोल त्याच्या दुप्पट रुंद उमटते. १२० अंशांचा असेल तर तेवढ्याच खोलीला जवळजवळ साडेतीनपट रुंद. म्हणजे दहा शतांश मिलिमीटर खोल गेलेली एक कोरणी वीस शतांशांची रेघ देते आणि दुसरी पस्तीस शतांशांची. कणा देठाशी जाड आणि आत बारीक होत जावा अशी अपेक्षा असते, आणि ती जाडी दाबाच्या या लहानशा फरकातून येते. म्हणून पेन्सिलीने काढतानाच रेषा कुठे जाड, कुठे बारीक हे दाखवून ठेवावे. एकसारख्या तारेसारखी काढलेली रेषा कोरताना निर्णयाविना हातात येते. कोरणीच्या टोकाखाली एक बारीक टेकणी घासलेली असते. ती लांब असेल तर घट्ट वळणावर खाचेच्या बाहेरच्या काठाला घासते आणि तिथे चकचकीत ओरखडा राहतो. टेकणी आखूड केली तरी वळण किती घट्ट घेता येईल याला सीमा आहेच, त्यामुळे वळशाचे सर्वांत आतले टोक कागदावर गरागरा फिरवत न्यायचे नसते. ते वेळीच थांबवून तिथे एक थेंब किंवा वळलेले पान बसवायचे.

आणखी एक फरक सुरुवातीला गोंधळवतो. कागदावर हात फिरतो आणि कागद बहुधा स्थिर असतो. कोरताना उजवा हात जवळपास जागेवर राहतो आणि डावा हात काम फिरवतो. परदेशी कारागिरांकडे त्यासाठी गोल बुडाचा जड शेगडा, म्हणजे काम पकडून ठेवणारा चिमटा, असतो, जो बोटाच्या धक्क्याने फिरतो. काका मांडीवर गोणपाटाची घडी घेऊन तिच्यावर तांब्या ठेवत आणि गुडघ्याने तो फिरवत. तत्त्व एकच. म्हणून लहान वळसे काढताना कागद फिरवण्याची सवय लावून घेतली तर ती पुढे थेट उपयोगी पडते.

सध्या एका तांब्याच्या तांब्यासाठी गळ्याखालची पट्टी आखतो आहे, आणि सपाट पत्र्यावर कधीच न येणारे प्रश्न तिथे येतात. भांड्याचे अंग तिथे खाली रुंदावत जाते, त्यामुळे कागदाची सरळ पट्टी गुंडाळली की तिची खालची कड ताणते आणि वरची सुटते. ती पट्टी कंसासारखी वाकडी कापावी लागते. मी कागद अंगाला लावून, वरखाली दोरा बांधून, त्या दोऱ्यांवरून पेन्सिल फिरवून तो आकार घेतो. घेराचा हिशेबही चुकवून चालत नाही. व्यास १४ सेंटिमीटर असेल तर घेर ४४. त्यात साडेपाच सेंटिमीटरचे आठ वळसे चपखल बसतात. वळसे आळीपाळीने वर आणि खाली जात असल्यामुळे त्यांची संख्या सम हवी, नाहीतर जिथे वेलीची दोन टोके भेटतात तिथे एकाच दिशेला तोंड केलेले दोन वळसे समोरासमोर येतात आणि कण्याला पुढे जायला वाट राहत नाही. माझ्या तांब्यावर मला आवडलेल्या मापाचे सात बसत होते. सहा घेऊन प्रत्येक थोडा ताणला, त्यामुळे वळसे किंचित लंबगोल झाले आणि तिकोनी कोपरे मोठे झाले. तिथे मारांडीच्या वळणाची, काटे कमी केलेली पाने घालून पाहिली आहेत. आठ घेतले असते तर वळसे गोल राहिले असते, पण आतली टोके माझ्या कोरणीला झेपण्याइतकी मोठी राहिली नसती.